पाल चालते

ढमढेरेबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा
हातात लोणच्याची बरणी होती
आणि बरणीत पाल.
भोसरीच्या या शेडमध्ये वीस वर्षांत
लोकांनी माझ्यापुढे तडकलेले साचे ठेवले, थकलेली बिलं ठेवली.
पाल कुणी ठेवली नव्हती.

"तांबोळी, हिचा पाय बघा. खालून."
भिंग दिलं. काचेला लागलेली पाच बोटं,
बोटांवर घड्या, घड्यांवर केस, केसांना फाटे,
आणि डिंकाचा टिपूस नाही कुठे.
"खिळा नको, ड्रिल नको,
भाडेकरूला घरमालकाची बोलणी नकोत.
असा हूक करायचाय."
वर पत्र्याशी दुसरी एक चुकचुकली.
माझ्या पोऱ्यानं सवयीनं टेबलावर बोट आपटलं,
कृष्ण कृष्ण म्हणाला.
बाई म्हणाल्या, हो म्हणतेय ती.

माझं यंत्र ठिणगीनं पोलाद कुरतडतं.
केसाच्या जाडीपर्यंत जातं, पुढे हात जोडतं.
बाईंना केसाचा केस हवा होता.
आठ महिने. चार साचे.
त्यांची धायरीची जागा त्यात गेली.
मीही शेवटच्या साच्याचं बिल अर्धंच लावलं,
का ते विचारू नका.

हूक झाला. काचेवर त्यानं भरली कळशी धरली.
तुळशीबागेत गुंदेचाशेठ म्हणाले,
"माल चोख आहे. खोक्यावरची पाल तेवढी काढा.
सकाळी सकाळी गिऱ्हाईकाला..."
पाल काढली. हूक खपले.
तीन आठवड्यांनी परत येऊ लागले,
पोत्यांनी.

सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी सोबत चिठ्ठी जोडली होती:
"आपला हूक रात्री दोन वाजता टोपीसकट पडला.
मला जाग आली. टोपीस इजा नाही.
पैसे परत करावेत."

बाई पोत्यावर बसल्या,
भिंगाखाली एकेक हूक धरत.
धूळ. केसाकेसात धूळ,
नगर रस्त्याची, मेट्रोच्या खांबांची, घराघरातल्या डिस्टेंपरची.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"तांबोळी, पाल चालते हो.
पाऊल उचललं की तिची धूळ सुटते.
आपला बिचारा एका जागी उभा.
आपण पाय केला. चाल केलीच नाही."

मला काही सुचलं नाही. चहा मागवला.

किटलीच्या तोंडाखालून नेहमीचा ओघळ निघाला,
तोटीला धरून बुडाशी, बुडाहून माझ्या ड्रॉइंगवर.
मी फडकं शोधत होतो.
बाई खिडकीबाहेर बघत होत्या,
जिथे भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळ
गळक्या टाकीखाली बारा महिने न्हातो.
प्रत्येक पानाला लांब शेपूट, खाली वळलेलं.
पाणी तिथवर येतं
आणि मागे वळून बघत नाही.

पुढचा साचा नऊ दिवसांत.
तेलाची बुधली, तोटीला पिंपळाचं टोक.
केस नाहीत, फाटे नाहीत,
पोलादाला झेपेल एवढंच.
गुंदेचाशेठनी खोक्यावर हसरी बाई छापली.
पान? "पिंपळावर मुंजा असतो. राहू द्या."

आता आमच्या ओट्यावरही तीच आहे.
शमीम धार धरते, धार तोडते,
खाली तेलाचं कडं उमटत नाही.
पूर्वी ते पुसताना ती माझ्या कामावर दोन शब्द बोलायची.
आता त्या वेळात काय करते, मी लक्ष दिलेलं नाही.

बाईंचं कर्ज फिटत आलंय.
तरी काल आल्या त्या बरणी घेऊनच.
जुनी पाल केव्हाच सोडली होती, ही दुसरी.
"चालणारा हूक," म्हणाल्या.
"रोज रात्री, सगळे झोपल्यावर, एकच पाऊल."

पोऱ्याचं बोट टेबलाकडे गेलं
आणि अधांतरी थांबलं.
वर पत्र्याशी
अजून कुणी चुकचुकलं नव्हतं.